क्लाउड सर्व्हरवर पॅकेज बसवण्याचा अधिकार कोणाकडे असावा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गोव्यातील पतसंस्था, शाळा-महाविद्यालये, देवस्थान समित्या आणि लहान हॉटेले यांनी गेल्या काही वर्षांत आपले हिशेब, प्रवेशअर्ज, पावत्या आणि खोल्यांचे आरक्षण क्लाउडवर नेले, हे योग्यच झाले. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत गंजणारे आणि पावसाळ्यात वीज गेली की बंद पडणारे कार्यालयातले जुने सर्व्हर सांभाळत बसण्यापेक्षा महिन्याचे भाडे भरून मुंबई किंवा हैदराबादच्या डेटा सेंटरमधले मशीन वापरणे केव्हाही बरे. मात्र हे स्थलांतर करताना एक निर्णय बहुतेक ठिकाणी कोणीच घेतलेला नसतो, आणि तो न घेतल्याचे परिणाम मी व्यवसायानिमित्त वारंवार पाहतो, म्हणून हे पत्र. त्या मशीनवर सॉफ्टवेअरचे पॅकेज बसवण्याचा, बदलण्याचा आणि काढण्याचा अधिकार कोणाकडे असेल आणि कोणाकडे नसेल, हा तो निर्णय होय.

क्लाउडवर मशीन घेताना कोणी कोऱ्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टीम बसवत नाही. तयार इमेज निवडली जाते, म्हणजे लिनक्स, वेब सर्व्हर, डेटाबेस, पीएचपी किंवा पायथन असा सगळा संच आधीच बसवून ठेवलेल्या डिस्कची प्रत. बटण दाबले की काही मिनिटांत मशीन उभे राहते. या इमेजमध्ये जशी सॉफ्टवेअरे आधीच ठरलेली असतात, तसे अधिकारही आधीच ठरलेले असतात, आणि इकडे कोणाचे लक्ष जात नाही. उबंटूच्या इमेजवर 'उबंटू' नावाचा, ॲमेझॉन लिनक्सवर 'ईसी२-यूझर' नावाचा, तर तयार इमेज पुरवणाऱ्या बिटनामीच्या इमेजवर 'बिटनामी' नावाचा एक यूझर तयार असतो. मशीन पहिल्यांदा सुरू होताना क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्राम सुडोच्या (दुसऱ्या यूझरच्या अधिकाराने आज्ञा चालवू देणाऱ्या प्रोग्रामच्या) नियमांत एक ओळ लिहून ठेवतो, जिचा अर्थ असा की या यूझरने कोणतीही आज्ञा, कोणाच्याही नावाने, पासवर्ड न देता चालवावी. ही व्यवस्था मूर्खपणाची नाही. या यूझरला पासवर्डच नसतो, प्रवेश किल्लीच्या फाइलने होतो, आणि एकटा प्रोग्रामर स्वतःपुरते मशीन चालवत असेल तर त्याला दर वेळी अडवण्यात काही हशील नसते.

पण आपल्या संस्थांमध्ये ते मशीन एकट्याचे नसते. ज्याने संकेतस्थळ बनवले तो पणजीचा किंवा मडगावचा व्यावसायिक, त्याच्याकडे तात्पुरते काम करणारा एखादा मुलगा, संस्थेचा संगणक सांभाळणारा कर्मचारी आणि कधीकधी सचिवांचा इंजिनिअर पुतण्या, असे सगळे एकच किल्लीची फाइल वापरतात, आणि ती फाइल व्हॉट्सॲपवरून एकमेकांकडे गेलेली असते. त्यामुळे कोणी काय बसवले याचा शोध घ्यायला गेलो की लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, सर्वत्र 'उबंटू' हेच नाव सापडते. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. लॉग १८० दिवसांचे आहेत आणि त्यांत माणूस एकच दिसतो, अशा नोंदींवरून सहा तासांत काय कळवणार, हा प्रश्न मी एका व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारला तेव्हा उपस्थितांनी एकमेकांकडे पाहिले, आणि चर्चा पुढच्या विषयाकडे वळली.

पॅकेज बसवण्याचा अधिकार हा किरकोळ अधिकार आहे, असा एक समज दृढ झालेला आहे. 'त्याला बाकी काही देत नाही, फक्त एपीटी (उबंटूत पॅकेज बसवण्याची आज्ञा) चालवू देतो,' असे सांगणारे व्यावसायिक मला भेटतात आणि त्यांचा हेतू चांगला असतो. परंतु उबंटू किंवा डेबियनचे कोणतेही पॅकेज बसताना त्याच्यासोबत आलेल्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वाधिकारी यूझरच्या, अधिकाराने चालतात. म्हणजे ज्याला मनाजोगते पॅकेज बसवता येते, त्याला मशीनवर मनाजोगते काहीही करता येते. इतकेच नव्हे, खुद्द एपीटीला दिलेल्या एका पर्यायातून रूटचा शेल (आज्ञा देण्याची खिडकी) उघडता येतो, त्याला बाहेरचे पॅकेजही लागत नाही. डॉकर, म्हणजे प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन, वापरू देणाऱ्या गटाचेही तेच. ज्याला त्या गटात घातले, त्याला मशीनची पूर्ण डिस्क आपल्या कंटेनरमध्ये जोडून वाचता आणि बदलता येते, आणि डॉकरच्या कागदपत्रांत हा इशारा स्पष्ट दिलेला असूनही सोयीसाठी या गटात सर्वांना घालण्याची पद्धत आहे. तेव्हा अर्धा अधिकार दिल्याचे समाधान मानण्यापेक्षा, पॅकेज बसवू शकणारा प्रत्येक जण मशीनचा मालक आहे असे धरून त्यांची संख्या एकावर किंवा दोघांवर आणणे अधिक प्रामाणिकपणाचे.

याची दुसरी बाजू म्हणजे अधिकार नसल्यामुळे अडलेला माणूस काय करतो. फोंडा तालुक्यातील एका शिक्षण संस्थेच्या सर्व्हरवर घडलेला प्रकार सांगतो, संस्थेचे नाव सांगण्याची गरज नाही. तिथल्या तरुण प्रोग्रामरला गुणपत्रिकेची पीडीएफ तयार करण्यासाठी पायथनची एक लायब्ररी (तयार कोडचा संच) हवी होती. बसवायला गेल्यावर 'परमिशन डिनाइड' असा संदेश आला. इंटरनेटवर शोधल्यावर जो सल्ला सर्वांत वर मिळाला तो त्याने पाळला आणि सुडो लावून सिस्टीमचे प्रोग्राम जिथे असतात त्या 'यूएसआर' या संपूर्ण डिरेक्टरीवर, तिच्या आतल्या सगळ्या फाइलींसकट, ७७७ अशी परवानगी लावली. ७७७ म्हणजे मालक, गट आणि इतर सर्वजण या तिघांनाही वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची मुभा. लायब्ररी बसली, पीडीएफ निघाली, आणि त्या दिवशी सगळे खूश झाले.

मोडले काय, ते दुसऱ्या दिवशी कळले. सुडो हा प्रोग्राम चालण्यासाठी त्याच्या फाइलीवर सेटयूआयडी नावाची एक विशेष खूण लागते, जिच्यामुळे साध्या यूझरने चालवला तरी तो रूट म्हणून चालतो. ७७७ लावताना फाइलींवरची ती खूण पुसली जाते. त्यामुळे त्यानंतर सुडो चालवला की तो एवढेच सांगे, की माझा मालक रूट असला पाहिजे आणि माझ्यावर सेटयूआयडीची खूण असली पाहिजे. रूटला पासवर्ड नाही, सुडो चालत नाही, म्हणजे मशीनवर लॉगिन होते पण दुरुस्तीचा अधिकार कोणालाही मिळत नाही. शेवटी मशीन बंद करून त्याची डिस्क सोडवावी लागली, ती दुसऱ्या मशीनला जोडून आतील परवानग्या पाहाव्या लागल्या. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर आरपीएम या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला पॅकेजच्या मूळ परवानग्या पुन्हा लावायला सांगता येते, उबंटूत तशी सोपी आज्ञा नाही. म्हणून नवे मशीन उभारून डेटा तिकडे हलवण्यात आला, आणि प्रवेशाच्या ऐन हंगामात संस्थेचे काम रखडले. हाच प्रयोग कोणी यूझरच्या होम डिरेक्टरीवर केला असता तर एसएसएचने (मशीनवर दुरून प्रवेश देणाऱ्या सेवेने) किल्ली स्वीकारायलाच नकार दिला असता, कारण किल्लीची फाइल इतरांना लिहिण्यायोग्य दिसली की ती विश्वासार्ह मानली जात नाही.

या प्रकारात मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याला सिस्टीमची पॅकेजे आणि त्याच्या कामाची पॅकेजे यांतला फरक कोणी सांगितलेला नव्हता, आणि इमेजनेही तो सांगितला नाही. पायथनच्या बाबतीत हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. उबंटूची स्वतःची अनेक साधने पायथनमध्ये लिहिलेली आहेत आणि त्यांना लागणाऱ्या लायब्ररी एपीटीने बसवलेल्या असतात. सुडो लावून पिपने (पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने) काही बसवले की ते 'यूएसआर'मधल्या 'लोकल' या वेगळ्या जागी जाते, पण पायथन शोध घेताना ती जागा आधी पाहतो, आणि मग सिस्टीमच्या साधनाला आपल्याला हवी त्यापेक्षा वेगळ्या आवृत्तीची लायब्ररी मिळते. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून आणि उबंटूच्या २३.०४ या आवृत्तीपासून पिपला अशा ठिकाणी बसवण्यास मनाई केलेली आहे. आज्ञा दिली की पिप थांबतो आणि स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या कामापुरत्या लायब्ररींची वेगळी डिरेक्टरी) बनवण्याचा सल्ला देतो. ही मनाई ओलांडण्याचा एक पर्यायही ठेवलेला आहे, आणि आपल्याकडच्या अनेक स्क्रिप्टमध्ये तो डोळे मिटून लिहिलेला मला दिसतो. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवायला एक आज्ञा लागते, सुडो लागत नाही, आणि नको झाले तर ती एक डिरेक्टरी पुसली की काम संपते. एवढी साधी गोष्ट सोडून सिस्टीमच्या मुळावर घाव घालण्याचे कारण मला सवयीपलीकडे दुसरे दिसत नाही.

वेबसाइटच्या फाइलींची स्थिती याहून नाजूक असते. वर्डप्रेसच्या तयार इमेजमध्ये सोय म्हणून वेब सर्व्हरला साइटच्या फाइलींवर लिहिण्याची मुभा दिलेली असते. बिटनामीच्या इमेजमध्ये, उदाहरणार्थ, फाइली 'बिटनामी' यूझरच्या आणि 'डेमन' गटाच्या असतात, गटाला लिहिता येते, आणि वेब सर्व्हर त्याच गटात चालतो. त्यामुळे प्लगइन (साइटला जोडायचे पूरक प्रोग्राम) बसवणे आणि अद्ययावत करणे ब्राउझरमधून होते, जे देवस्थानच्या कार्यालयातील कारकुनालाही जमते. याची किंमत अशी, की एखाद्या प्लगइनमध्ये छिद्र सापडले तर त्यातून आत शिरणाऱ्यालाही तीच मुभा मिळते, आणि तो साइटच्या मूळ फाइलींमध्ये आपला कोड लिहून ठेवतो. जत्रेच्या तोंडावर देवस्थानच्या संकेतस्थळावर जुगाराच्या जाहिराती उघडू लागल्या, तर कारण बहुधा इथे सापडते. यावरचा उपाय जाणकारांना ठाऊक आहे: कोडच्या फाइलींचा मालक वेगळा यूझर ठेवायचा, वेब सर्व्हरला त्या फक्त वाचू द्यायच्या, आणि लिहिण्याची मुभा छायाचित्रे चढवण्याच्या एकाच डिरेक्टरीत देऊन तिथे पीएचपी चालणार नाही अशी तजवीज करायची. मात्र हे केले की ब्राउझरमधून होणारे अद्ययावतीकरण बंद पडते, आणि ते वेगळ्या यूझरने, वेळापत्रकानुसार, आज्ञेने करावे लागते. ते करणारा माणूस संस्थेकडे नसेल, तर जुनी प्लगइने तशीच साचत राहण्यापेक्षा मूळची सैल व्यवस्था परवडली, असे माझे मत आहे. काही सहव्यावसायिकांना हे पटणार नाही, पण बंदोबस्त केलेला आणि दोन वर्षे अद्ययावत न केलेला सर्व्हर मी पाहिलेला आहे, आणि तो सुरक्षित नव्हता.

इमेज मुळात कोणी बनवली, हेही पाहायला हवे. युरोपातील संशोधकांनी ॲमेझॉनच्या सार्वजनिक इमेजपैकी पाच हजारांहून अधिक तपासून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक इमेजमध्ये बनवणाऱ्याच्या एसएसएच किल्ल्या तशाच राहिलेल्या आढळल्या. म्हणजे ज्याने इमेज बनवली, तो ती वापरणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर शिरू शकत होता. हे जुने झाले म्हणावे, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये डेटाडॉग या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले, की 'अमुक नावाची सर्वांत नवी इमेज दे' एवढेच सांगणाऱ्या आणि मालकाचे नाव न सांगणाऱ्या स्क्रिप्टला कोणीही तसल्याच नावाची आपली इमेज देऊ शकतो. ॲमेझॉनने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या खात्यात कोणाच्या इमेज चालतील याची यादी ठरवण्याची सोय दिली आहे. ती फुकट आहे, आणि संस्थेच्या खात्यात ती चालू आहे का, हे दोन मिनिटांत पाहता येते.

इमेज विश्वासू कंपनीची असली तरी तिच्यात आपण न मागितलेली पॅकेजे रूटच्या अधिकाराने चालत असू शकतात. सप्टेंबर २०२१ मध्ये विझ या कंपनीने उघड केलेले प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर लिनक्स मशीन घेऊन लॉग गोळा करण्यासारख्या काही सेवा सुरू केल्या, की ओएमआय नावाचा एजंट (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) ग्राहकाला न सांगता बसवला जात असे. तो रूट म्हणून चालत असे, आणि ओळख पटवण्याचा भागच वगळलेली विनंती त्याच्याकडे पाठवली, तर तो ती निमूटपणे रूटच्या नावाने पार पाडत असे. ग्राहकाला मुळात ते पॅकेज आपल्या मशीनवर आहे हेच माहीत नव्हते, मग ते अद्ययावत कोण करणार? अशा वेळी 'क्लाउड घेतला म्हणजे सुरक्षा कंपनीची' हे विधान किती अपुरे आहे ते कळते. इमारत, वीज, यंत्रे आणि त्यांवरचा आभासी थर कंपनी सांभाळते. आपल्या मशीनच्या आतले पॅकेज, त्याची आवृत्ती आणि परवानगी या गोष्टी करारानेच ग्राहकाच्या अंगावर असतात.

अद्ययावत करण्याविषयी आणखी एक गोष्ट, कारण ती फसवी आहे. ॲमेझॉन लिनक्स २०२३ ही इमेज ज्या दिवशीच्या पॅकेज-भांडारावर बनली, त्याच आवृत्तीला मशीन बांधलेले राहते. नेहमीची अद्ययावत करण्याची आज्ञा दिली की 'करण्यासारखे काही नाही' असे उत्तर येते, आणि कर्मचारी निर्धास्त होतो. नव्या आवृत्तीचे नाव स्पष्ट सांगून आज्ञा दिल्याशिवाय नवी पॅकेजे येत नाहीत. सर्व मशीनांवर एकसारखी पॅकेजे राहावीत म्हणून मुद्दाम केलेली ही रचना मोठ्या कंपन्यांना सोयीची आहे. आपल्याकडे ती माहीत नसलेल्या हाती पडली की मशीन वर्षभर जुनेच राहते. याच्या उलट सेंटओएस ७ ची गोष्ट आहे. तिचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, तरी त्या इमेजवरून उभारलेली मशीने अजून चालू आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणताही अधिकार कोणालाही दिला तरी सेंटओएसकडून सुरक्षेचे नवे पॅकेज येणार नाही.

यावर मला हमखास मिळणारे उत्तर म्हणजे 'आतां चलता न्हय, मागीर पळोवया' (आता चालते आहे ना, मग पाहू). आमच्या खाजन शेतीत भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाणदाराचे, दार कधी उघडायचे आणि कधी लावायचे, याचा अधिकार पूर्वापार ठरलेला असे. मासळीच्या लोभाने कोणीही ते अवेळी उघडू लागला की मीठ शेतात शिरते, आणि भात त्या वर्षीपुरते जात नाही, जमीन नापीक होते. कूळ संघाच्या, म्हणजे तिथल्या कुळांच्या संघटनेच्या, सभासदांना हे समजावून सांगावे लागत नाही. सर्व्हरच्या बाबतीत मात्र दाराचा अधिकार कोणाकडे आहे, हे विचारणेसुद्धा अविश्वास दाखवल्यासारखे मानले जाते.

व्यावसायिकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. बहुतेक संस्था संकेतस्थळ किंवा हिशेबाची प्रणाली एकरकमी कंत्राटाने बनवून घेतात, आणि त्या रकमेत देखभालीचा एक रुपयाही धरलेला नसतो. मग व्यावसायिकाने तयार इमेज घ्यावी, लवकर चालू करावे, आणि पुढच्या कामाला लागावे, यात आश्चर्य नाही. किल्ली त्याच्याकडे राहते, कारण ती कोणी मागत नाही. पुढे संस्थेशी त्याचे बिनसले, तो पुण्याला किंवा बंगळूरला निघून गेला, की संस्थेकडे मशीनचे बिल येते, पण मशीनवर जाता येत नाही. अशा मशीनच्या डिस्कची प्रत काढून दुसरीकडे उघडण्याचे काम माझ्याकडे येते, आणि त्यात पैसे मिळत असले तरी हे काम मुळात येऊच नये असे मला वाटते.

व्यवस्था बसवणे अवघड नाही. प्रत्येक माणसाला त्याच्या नावाचा यूझर आणि त्याची स्वतःची किल्ली द्यावी. गूगल, अझूर आणि ॲमेझॉन या तिन्हींकडे क्लाउडच्या खात्यावरूनच मशीनवर प्रवेश देण्याची सोय आहे, त्यामुळे माणूस सोडून गेला की एका ठिकाणी त्याचे नाव काढले की पुरते. इमेजसोबत आलेल्या सामायिक यूझरचा बिनपासवर्ड सुडो काढून टाकावा, पण त्याआधी नव्या यूझरने दुसऱ्या खिडकीत लॉगिन करून सुडो चालतो की नाही ते पाहावे, आणि सुडोच्या नियमांची फाइल व्हिसुडो या आज्ञेनेच उघडावी, कारण त्यात चूक राहिली तर तो जतन करण्याआधी सांगतो. सिस्टीमची पॅकेजे बसवण्याचा अधिकार एका व्यक्तीकडे, आणि तिच्या गैरहजेरीत दुसऱ्या एकीकडे असावा. प्रणालीची स्वतःची पॅकेजे प्रणालीच्या डिरेक्टरीत, लॉगिन नसलेल्या सेवा-यूझरसाठी वाचण्यापुरती खुली असावीत. अनेकांनी मिळून लिहायची एखादी डिरेक्टरी असेलच, तर ७७७ ऐवजी एक गट करून त्या डिरेक्टरीवर २७७५ लावावे, म्हणजे आत बनणारी प्रत्येक फाइल आपोआप त्या गटाची होते. आणि हे सगळे एकदा नीट बसले, की त्या स्थितीची आपली स्वतःची इमेज बनवून तिला तारीख द्यावी. इमेज बनवण्यापूर्वी किल्ल्या, पासवर्ड आणि आज्ञांचा इतिहास पुसायला विसरू नये. पुढच्या वेळी नवे मशीन बाजारातल्या इमेजवरून न उभारता तिच्यावरून उभारले, की अधिकारांची घडी पुन्हा बसवावी लागत नाही.

महाविद्यालयांच्या संगणक विभागांसाठी वेगळे सांगतो, कारण तिथे एकाच मशीनवर वर्गभर मुले असतात आणि प्रत्येकाला वेगळी लायब्ररी हवी असते. मशीन लर्निंगसाठीच्या तयार इमेजमध्ये कोंडा (लायब्ररी आणि त्यांची एन्व्हायर्नमेंट सांभाळणारे साधन) बहुधा सामायिक जागी बसवलेला असतो, आणि प्राध्यापकांकडून अपेक्षा असते की तो सर्वांना लिहिण्यासाठी खुला करावा. तसे करण्याची गरजच नाही. मूळ कोंडा रूटच्या मालकीचा आणि इतरांना केवळ वाचण्यासारखा ठेवला, तर प्रत्येक विद्यार्थ्याचे नवे एन्व्हायर्नमेंट त्याच्या होम डिरेक्टरीत आपोआप बनते. आर या भाषेतही सामायिक लायब्ररीत लिहिता आले नाही तर वैयक्तिक लायब्ररी बनवू का, असे ती स्वतःच विचारते. एकाच्या चुकीने सगळ्या वर्गाचे प्रात्यक्षिक बुडण्याचा प्रसंग टळतो, आणि डिस्क थोडी अधिक लागते एवढाच खर्च. माझ्याकडे शिकायला येणारी मुले हुशार असतात, पायथन उत्तम लिहितात, पण फाइलीचा मालक कोण आणि गट कोणता हे पाहण्याआधी सुडो लिहितात. पहिल्याच वर्षी एक तास या विषयाला दिला तरी पुष्कळ फरक पडेल.

शासनाकडे माझे दोनच मुद्दे आहेत. पहिला माहिती तंत्रज्ञान खात्याकडे. १९१ ग्रामपंचायतींपासून पालिकांपर्यंत ज्यांना संकेतस्थळे आणि प्रणाली करून घ्यायच्या असतात, त्यांच्यासाठी दोन पानी नमुना करारपत्र मराठी आणि कोकणीतून उपलब्ध करावे. त्यात क्लाउडचे खाते संस्थेच्या नावावर असेल, इमेज कोणाची आणि कोणत्या तारखेची याची नोंद दिली जाईल, बसवलेल्या पॅकेजची यादी आवृत्तींसह दिली जाईल, सुडोचा अधिकार कोणाकोणाला आहे हे लेखी असेल, आणि शेवटचे बिल या गोष्टी हाती पडल्यावरच चुकते होईल, एवढे असले तरी पुरे. पॅकेजच्या यादीची कल्पना नवी नाही, सर्ट-इनने सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०२४ मध्येच दिली आहेत.

दुसरा मुद्दा सहकार निबंधकांकडे. पतसंस्थांच्या सभासदांची बचत, पत्ते, आधार आणि पॅन यांची माहिती आज या मशीनांवर आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दरवर्षी लेखापरीक्षक तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे विचारतात आणि अहवालात लिहितात. सर्व्हरवर रूटचा अधिकार कोणाकडे आहे, गेल्या वर्षभरात कोणती पॅकेजे कोणी बसवली, आणि सोडून गेलेल्या माणसांची नावे काढली की नाही, हे तीन प्रश्न येत्या लेखापरीक्षणाच्या प्रश्नावलीत घालण्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. ते निघावे, अशी या पत्राद्वारे विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक सर्व्हर-व्यवस्थापक,
फोंडा, गोवा